डाव्या हाताची शिकवणी

शनिवार, दुपारचे चार. वसईत सकाळपासून पाऊस लागून राहिला आहे. टीचरच्या घराच्या ओट्यावर छत्र्या निथळताहेत, दारात चपलांची गर्दी झाली आहे आणि पुढच्या खोलीत, आतल्या भिंतीला टेकून पियानो उभा आहे. बाहेरच्या भिंतीला ओल येते म्हणून त्याची जागा ही. खालची फळी थोडी सैल आहे आणि तिच्या फटीतून पिवळा उजेड दिसतो. आत एक छोटा बल्ब लावलेला आहे. पावसाळाभर तो विझवत नाहीत. दमट हवेत लाकूड फुगतं, खाली गेलेल्या पट्ट्या वर यायला वेळ लावतात, तारांना गंज धरतो. बल्बच्या उबेनं आतली हवा जरा कोरडी राहते.

मी भाचीला घेऊन येतो. तिला सोडून बाजारातली कामं उरकता येतील, पण मी थांबतो. खिडकीपाशी एक बाकडं आहे, तिथून वाजवणाऱ्याचे हात सरळ दिसतात.

आत्ता पियानोवर काका बसले आहेत. एसटीतून निवृत्त झालेले, गावातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले. गणपती तोंडावर आलेत, मंडळाच्या तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात, तरी शनिवारचा हा तास ते सोडत नाहीत. टीचर त्यांना स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायला सांगतात. तसं बसलं की भार पायांवर येतो आणि खांदे मोकळे होतात.

“काका, पांढरी एक दाखवा.”

काकांचं बोट क्षणात मधल्या सप्तकात जातं. दोन काळ्यांच्या जोडीलगत, डावीकडची पांढरी.

“हीच आपली मधली सी. आता कागदावर बघा. वरच्या पाच रेघा उजव्या हाताच्या, खालच्या पाच डाव्याच्या. ही दोघांच्या मधोमध, स्वतःची एक आखूड रेघ घेऊन बसलीय. सापडली?”

“सापडली. म्हणजे घर ओळखीचं आहे, पत्ता तेवढा नवा.”

टीचर हसतात. घरात त्या कादोडी बोलतात, वर्गात मराठी. वसईतल्या चर्चमध्ये गाणी मराठीतच होतात आणि रविवारी तिथला ऑर्गन वाजवणारे हात हेच. त्यामुळे काकांची भाषा त्यांना परकी नाही. काका ‘काळी पाच’ म्हणाले की त्या ‘बी फ्लॅट’ म्हणतात, ‘कोमल निषाद’ म्हणाले तरी त्यांना कळतं. मला हा या वर्गाचा मोठा गुण वाटतो. कुणी कोरा येत नाही. प्रत्येकाच्या कानात काहीतरी आधीपासून साठलेलं असतं, आणि ते पुसून टाकायला इथे कुणी सांगत नाही.

उजव्या हाताचं काम काका चटकन करतात. पुस्तकात बीथोवनच्या नवव्या सिम्फनीतली आनंदाच्या गाण्याची चाल सोपी करून दिली आहे. १८२४ मध्ये व्हिएन्नात ही सिम्फनी पहिल्यांदा झाली तेव्हा बीथोवनला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. चाल मात्र अशी की जवळजवळ सगळी पाच शेजारच्या सुरांत बसते, हात जागचा हलवावा लागत नाही. म्हणून जगभरच्या पहिल्या पुस्तकांत ती असते. काका ती एकदा कागदावर बोट फिरवून वाचतात, ओठांत सरगम म्हणतात आणि वाजवतात. शेवटाकडे एक हलकीशी मुरकीसुद्धा घेतात.

“छान! मुरकी नंतर. आता डावा.”

काकांचा डावा हात मांडीवरून उठून पट्ट्यांवर येतो आणि तिथे थांबतो. या हातानं आयुष्यभर पेटीचा भाता हलवला आहे. सूर धरला तो उजव्यानं, डाव्यानं त्याला वारा घातला. संगीत नाटकांच्या काळातल्या ऑर्गनला, पायपेटीला, भाता पायाखाली असायचा, म्हणून तिथे वादकाचे दोन्ही हात मोकळे राहायचे. हातपेटीवर मात्र डाव्याला ते दार बंद. काकांना एका बोटात सूर लावता येतो, कुणाचाही आवाज ऐकून ‘तुमची काळी चार’ असं सांगता येतं, पण डाव्या करंगळीला एक सूर वाजवायला सांगितला की ती थरथरते.

डाव्याला काम म्हणाल तर जेमतेम आहे. चार मात्रांना एक सूर. पांढरी एक, मग पांढरी पाच, परत एक. तो एकटा वाजवतो तेव्हा जमतं. उजवा सुरू झाला की डावा त्याच्या मागून धावतो. उजवा दर मात्रेला पडतो, तसा हाही पडायला लागतो. काका थांबतात. पुन्हा सुरू करतात. तिसऱ्या मात्रेवर पुन्हा तेच.

“डोक्याला कळतंय हो,” ते म्हणतात. “हाताला नाही कळत.”

“हाताला उशिरा कळतं. पण एकदा कळलं की तो विसरत नाही. उजवा थांबवा. फक्त डावा वाजवा आणि उजव्याचं तोंडानं गा.”

हे काकांना लगेच जमतं. गळ्यात चाल, डाव्या हातात दोन सूर, पायानं जमिनीवर हलका ठेका. खोलीतले सगळे ऐकताहेत. मी काकांच्या हाताकडे बघतो. करंगळी अजून थरथरते, पण वेळेवर पडते.

टीचर आता पियानोचं वरचं झाकण उघडतात. मुलं पुढे सरकतात, मीही उठून जातो. आत हातोड्यांची रांग आहे. प्रत्येकीच्या डोक्याला पांढुरकी घट्ट नमद्याची टोपी, आणि त्या टोपीवर वर्षानुवर्षं तारेला लागून पडलेल्या बारीक खाचा. उंच सुरांना तीन-तीन तारा, खाली दोन, आणि अगदी खालच्या सुरांना तांब्यानं गुंडाळलेली एकच जाड तार. ८८ पट्ट्या, त्यात ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. तारा सव्वादोनशेच्या आसपास, आणि त्यांचा सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांच्या घरात. तो पेलायला ओतीव लोखंडाची चौकट. म्हणूनच हा पियानो हलवायचा म्हटलं की चार-सहा माणसं लागतात.

“काका, पट्टी अगदी हळू दाबा. आवाज येऊ न देता.”

काका दाबतात. हातोडी उठते, तारेच्या जवळ जाते आणि तिला न शिवता मागे पडते. पट्टी पूर्ण खाली गेली आहे, आवाज नाही. काका पुन्हा दाबतात, यावेळी बोटाचं वजन सोडून. हातोडी उडते, सूर येतो.

“पेटीत पट्टी दाबली की वाट उघडते आणि भात्याचा वारा येत राहतो. इथे तुम्ही हातोडी फेकता. शेवटचं अंतर ती स्वतःच्या वेगानं जाते. तिला सोडलं की तुमच्या हातात काही उरत नाही. जे काही करायचं ते त्याआधी.”

फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास हे यंत्र जमवलं. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची. पट्टी हळू दाबा की जोरात, आवाजात म्हणण्यासारखा फरक पडत नसे. हातोडी मारायची तर ती मारून लगेच मागे यायला हवी, नाहीतर तीच तारेला दाबून धरणार आणि सूर मरणार. ही अडचण त्यानं सोडवली. त्याच्या हातचे तीन पियानो आज उरले आहेत. त्यांतला सर्वांत जुना, १७२० चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. वसईतल्या या खोलीत काकांचं बोट जे करतं आहे, त्याचं मूळ तिथे आहे.

काका पुढची पाच मिनिटं एकच पट्टी वेगवेगळ्या वजनानं दाबून बघतात. हळू, त्याहून हळू, मग जोरात. इतकी वर्षं सूर ज्यांच्या हातात भात्याच्या वाऱ्यावर कमी-जास्त होत आला, त्यांना आज तो बोटाच्या टोकाशी कमी-जास्त होताना कळतो आहे. चेहरा बघावा असा झाला आहे.

त्यांच्यानंतर एक ताई बसतात. इथल्याच एका दवाखान्यात नर्स आहेत, ड्युटी संपवून थेट आल्या आहेत, ओढणीची टोकं भिजलेली. त्यांनी याआधी कुठलंही वाद्य हातात धरलेलं नाही. टीचर त्यांना पुस्तक उघडू देत नाहीत.

“आधी एक सूर. डावीकडचा, खालचा. दाबा आणि पट्टी सोडू नका. पार विरेपर्यंत ऐका.”

ताई दाबतात. जाड तारेचा तो सूर खोलीत भरतो. पहिल्या क्षणी तो मोठा, मग पटकन उतरतो, आणि पुढे कितीतरी वेळ बारीक होत जातो. मध्ये एकदा संपला असं वाटतं, पण कान दिला की आहे. बाहेर पागोळ्या गळताहेत, रस्त्यावरून रिक्षा जाते, तरी तो आहे. ताईंचे खांदे खाली आलेले मला दिसतात. आल्या तेव्हा ते कानांपर्यंत चढलेले होते.

“गेला,” त्या म्हणतात.

“आता उंच सूर. हाही तसाच.”

उंच सूर लगेच विरतो. आखूड तार, थोडाच दम. ताई स्वतःहून पुन्हा खालच्या सुराकडे जातात. कुणी सांगितलेलं नाही. सबंध पाळीभर इतरांच्या नाड्या मोजणारी बाई एक सूर शेवटपर्यंत ऐकते आहे. संगीताचे फायदे म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला पहिला इथेच मिळून गेला आहे, असं मला वाटतं. त्यासाठी वाजवता यावं लागत नाही, बसावं लागतं.

भाचीची गोष्ट वेगळी. तिला लंडनच्या बोर्डाची ग्रेड वनची परीक्षा द्यायची आहे. तीन तुकडे, सरगमीसारख्या चढउताराच्या स्केल्स, पाहताक्षणी वाचून वाजवायचा एक छोटा उतारा आणि कानाची परीक्षा. आठ ग्रेडांतली ही पहिली. ती सी मेजर स्केल वाजवते आहे. दोन्ही हातांना अंगठा एक आणि करंगळी पाच, असे बोटांचे आकडे. उजवा हात वर चढताना एक-दोन-तीन झालं की अंगठा तळहाताखालून जाऊन चौथा सूर घेतो आणि तिथून पुढे पाच बोटं. अंगठा जाताना तिचं कोपर बाहेर उडतं आणि तो चौथा सूर ठसकन पडतो.

“माझ्या टीचर मनगटावर नाणं ठेवायच्या,” टीचर तिला सांगतात. “पडलं की पहिल्यापासून. मी नाही ठेवत. नाणं सांभाळताना हात लाकूड होतो. तू अंगठा आधीच निघू दे. दुसरं बोट वाजतंय ना, तेव्हाच तो आत सरकायला लागला पाहिजे.”

भाची अर्ध्या गतीनं वाजवते. मग त्याच्याही अर्ध्या. त्या गतीला अंगठ्याचा प्रवास दिसतो, आणि चौथा सूर बाकीच्यांसारखाच पडतो. ती माझ्याकडे बघते. मी मान हलवतो. टीचर म्हणतात, “याच गतीनं घरी. रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसलीस आणि बाकी दिवस नाही, तर मला लगेच कळतं.”

तेवढ्यात लाईट जाते. पावसाळ्यात इथे हे नित्याचंच. आतल्या खोलीत हेडफोन लावून इलेक्ट्रिक कीबोर्डवर बसलेला कॉलेजचा मुलगा बाहेर येतो. त्याचं वाद्य मुकं झालं आहे. पियानोतला बल्बही विझला आहे, पण पियानोला विजेशी देणंघेणं नाही. टीचर खिडकीची दुसरी झडप उघडतात, पावसाचा उजेड पट्ट्यांवर येतो.

“या काका. तुम्ही दोघं एकत्र बसा.”

स्टुलाशेजारी खुर्ची लागते. भाची उजवीकडे, काका डावीकडे. तीच बीथोवनची चाल. भाची ती दोन सप्तकं वर वाजवणार, काकांनी फक्त डाव्या हाताचे ते दोन सूर द्यायचे.

“काका, ही गाणार. तुम्ही साथीला.”

एवढं ऐकल्याबरोबर काका बदलतात. पाठ सरळ होते, मान किंचित भाचीकडे झुकते. पेटीवर बसल्यावर बुवांकडे झुकत असेल तशी. भाची सुरू करते. काकांचा डावा सूर पहिल्या मात्रेवर पडतो, राहतो, पुढच्या चार मात्रांना बदलतो. भाची मध्येच एका ठिकाणी अडते, अर्धी मात्रा रेंगाळते. काका तिच्यासाठी थांबतात आणि ती पुढे गेली की बरोबर समेवर तिला भेटतात. करंगळी थरथरत नाही. चाल संपते. कॉलेजचा मुलगा टाळ्या वाजवतो, दवाखान्याच्या ताईही.

टीचर अजिबात वेळ घालवत नाहीत. “आता दोन्ही हात तुमचे. उजवा हात म्हणजे ती. डावा म्हणजे तुम्ही.”

काका एकटे वाजवतात. पहिली ओळ धडपडत, दुसरी बरी, आणि तिसऱ्या ओळीपासून डावा हात उजव्याच्या मागे धावायचा थांबतो. तो त्याचं ऐकतो आणि आपल्या वेळेला येतो. मी हे प्रत्यक्ष पाहतो आहे. उभी हयात दुसऱ्याला साथ केलेला माणूस आज स्वतःच्याच उजव्या हाताला साथ करायला शिकला. पासष्टी ओलांडल्यावर बोटं वळत नाहीत असं म्हणणाऱ्यांना या खोलीत आणून बसवावं असं मला फार वाटतं.

दारात एक गृहस्थ मुलाला न्यायला आले आहेत. ते टीचरना विचारतात, पियानोनं गणित सुधारतं म्हणतात, खरं का? हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. १९९३ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना मोत्सार्टचा दोन पियानोंचा सोनाटा दहा मिनिटं ऐकवून एक प्रयोग झाला. आकृत्यांच्या कोड्यांमध्ये त्यांचे गुण थोडे वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तेवढ्यावरून बाळांना मोत्सार्ट ऐकवायची बाजारपेठ उभी राहिली. ऐकण्याचा तो दावा मला पोकळ वाटतो. शिकण्याचा पुरावा वेगळा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ६० ते ८५ वयाच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला. न शिकलेल्यांच्या तुलनेत त्यांची लक्ष वळवण्याची आणि एकाच वेळी दोन-तीन गोष्टी ध्यानात धरण्याची ताकद सुधारली. माणसं ३१ च होती, म्हणून मी त्यावर इमले बांधणार नाही. पण काकांचा डावा हात पाहिल्यावर त्यात नवल वाटत नाही. दोन हात, दोन ओळी, एक ताल, आणि सगळ्यांत वर कान. इतकं एका वेळी दुसरं कुठलं काम मागतं?

टीचरचं उत्तर छोटं आहे. “गणिताचं मला सांगता येणार नाही. पण तो इथे आला की स्वतःचं स्वतः ऐकतो. चूक झाली की मी सांगायच्या आधी थांबतो. ते शिकतोय.”

गृहस्थ थोडा विचार करून मान डोलावतात आणि बाकड्यावर माझ्याशेजारी बसतात. मुलाची पाळी अजून व्हायची आहे.

सहाच्या सुमारास मलाही बोलावणं येतं. मी बसतो. पट्टी खाली जायला सुमारे पन्नास ग्रॅम वजन लागतं, असं टीचर सांगतात, आणि ती जाते जेमतेम एक सेंटीमीटर. पाच बोटं पाच पांढऱ्यांवर ठेवून मी उजवा हात वर-खाली नेतो. चौथं बोट, अनामिका, एकटी उठायला तयार नाही. ती मधल्या बोटाला घेऊन उठते. टीचर म्हणतात, तिला उचलू नका, बाजूच्या बोटाकडून वजन तिच्याकडे चालत जाऊ द्या. एका फेरीत वजन खरोखर चालत जातं आणि चौथा सूर गोल, भरीव येतो. तो सूर मी काढला याचा आनंद लहान नाही. घरी जातानाही तो माझ्याबरोबर असणार आहे.

काका निघण्याच्या तयारीत आहेत. रात्री मंडळाची तालीम आहे, पण त्याआधी एक विचार त्यांच्या डोक्यात पक्का झालेला दिसतो. ओट्यावर छत्री उघडता उघडता ते मला सांगतात की घरी पियानो नाही, लगेच घ्यायचाही नाही. टीचरनी जुना का होईना, वजनदार पट्ट्यांचा ८८ चा डिजिटल पियानो बघायला सांगितलं आहे. तो मिळेपर्यंत नातवाला शेजारी बसवून पेटीचा भाता त्याच्याकडे देणार, म्हणजे डावा हात मोकळा.

मला ही युक्ती इतकी पटली आहे की ती इथे देतोच. घरात पेटी असेल, तर आज भाता दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. डाव्या हाताची करंगळी पांढरी एकवर ठेवा, अंगठा पांढरी पाचवर, मधली तीन बोटं मधल्या तीन पांढऱ्यांवर. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक सूर वाजवा, आणि तसेच परत या. अगदी सावकाश.